सांध्यातली पांढरी पूड

४ मार्च

साडूबुवा,

फोनवर तुम्ही 'बघतो' म्हणता आणि पाना शोधायला जाता, ते काही परत येत नाही. म्हणून कागदावर गाठतो आहे. कागद खिशात घालून विसरायचा नाही.

आधी बातमी, मग माप. परवा सकाळी आमची भिंगरी सरावाला गेली होती. सपाट रस्ता. खड्डा नाही, आडवी गाडी नाही, साधं कुत्रंही नाही. वेग घ्यायला तिने हँडल ओढलं आणि सायकल तिच्याखालीच दुभंगली. वाकली नाही, डुगडुगली नाही. काडकन आवाज, आणि पोर रस्त्यावर. गळ्याचं हाड मोडलंय, उजव्या बाजूचं. हात झोळीत आहे, म्हणून तिच्या वतीने मी लिहितोय. डॉक्टर म्हणतात, हाड सरळ जुळेल. काळजी हाडाची नाही.

ज्याच्याकडून ही जुनी सायकल घेतली त्या दुकानदाराने तुकडे हातातसुद्धा घेतले नाहीत. लांबूनच म्हणाला, "कुठेतरी आपटली असणार. कार्बन फायबर उगाच मोडत नाही." पोर सांगते, एकदाही आपटली नाही. माझा तिच्यावर विश्वास आहे असं मी म्हणालो, तर माझ्यावरच उखडली. "विश्वास नकोय बाबा, कारण हवंय. का मोडली ते कळलं तर हात बरा झाल्या दिवशी मी दुसरीवर बसेन. नाही कळलं, तर कधीच नाही. मग कुठलीही सायकल कधीही मोडू शकते ना?" उन्हाळ्यानंतर मोठ्या संघाची निवड आहे आणि ती सायकलच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडे होते.

आता माप. मोडलीय पुढच्या बाजूला, हँडलखालच्या सांध्यापाशी. वरची दांडी सांध्यातून सरळ निसटून आली आहे, बाहीतून हात काढावा तशी. खालची दांडी मात्र सांध्यापासून अडीच इंचांवर तुटली आहे आणि तिचं टोक केरसुणीसारखं पिंजलंय.

तुम्ही हवं तेवढं हसा, पण कारण शोधा.

बाकी ठीक. हिची तब्येत मात्र मला बरी वाटत नाही. गेल्या वर्षभरात हिच्या कपड्यांची कमर मला दोनदा आत घ्यावी लागली. विचारलं तर हसते. तुमच्याकडे धाकटीला काही बोलली असेल तर कळवा.

तुमचा,
साडू टेलर

---

१२ मार्च

साडूसाहेब,

भिंगरीला सांगा, काकाने हाड मोडल्याबद्दल रागावून आणि प्रश्न विचारल्याबद्दल शाबासकी म्हणून लिहिलंय. मोडलेल्या सायकली घेऊन लोक माझ्याकडे येतात ते 'जोडून द्या' म्हणतात. 'का मोडली' हे विचारणारी ही पहिलीच.

तुमचं वर्णन चांगलं आहे. शिंपी माणसाला दिसतं बरंच, समजत नाही एवढंच. तर समजावतो.

लोखंडी सायकल मोडायच्या आधी वाकते, करकरते, रंग उडवते, चार लोकांना सांगत सुटते. कार्बन तसा नाही. तो शेवटपर्यंत ताठ. आतमध्ये एकेक पदर सुटत असतो, वरून मात्र इस्त्री केलेल्या शर्टासारखा. आणि ज्या क्षणी उरलेल्या पदरांना भार सोसत नाही, त्या क्षणी सगळे एकदम जातात. म्हणून 'अचानक मोडली' असं लोक म्हणतात. मोडणं अचानक असतं, कारण अचानक नसतं. ते कारण आपल्याला शोधायचंय.

माझा पहिला संशय तुमच्यावर. सीटचा चिमटा कुणी आवळला होता? कार्बनवर बोल्ट आवळायला हलका हात लागतो. तुमची मला माहिती आहे, माझ्या कोटाचं बटण तुम्ही असं शिवलंत की कोट फाटला, बटण तिथेच आहे. दुसरा संशय गाडीच्या टपावर बांधलेल्या पट्ट्यावर. तिसरा, पोरीला न सांगता कुणी तरी सायकल पाडली आणि गुपचूप उभी करून ठेवली.

सगळे तुकडे पाठवा. सीट ज्या दांड्यावर बसते तो दांडासुद्धा. आणि काहीही पुसू नका. मळ हा माझा साक्षीदार आहे.

ताईंची प्रकृती धाकटीला विचारली. ती म्हणाली, "ताईला काय झालंय, चांगली टुणटुणीत आहे," आणि लगेच विषय बदलला. ती विषय कधी बदलत नाही, ताणते. तेव्हा मलाही नवल वाटलं.

तुमचा,
कारागीर साडू

---

१९ मार्च

साडूबुवा,

कोट फाटला कारण कापड तुम्ही आणलं होतं.

मोडलंय पुढे आणि तुम्ही आवळताय मला मागच्या चिमट्यात. सीटला मी कधी हातसुद्धा लावलेला नाही. गाडीच्या टपावर सायकल कधी गेली नाही, कारण गाडी नाही. आणि पाडण्याचं म्हणाल तर सायकल मागच्या खोलीत असते, शिलाईच्या खोलीला लागूनच. तिकडे टाचणी पडली तरी मला कळतं. दुपारी मी गिऱ्हाइकांकडे मापं घ्यायला जातो तेवढा वेळ सोडला तर दिवसभर मी तिथेच.

तुकड्यांची वाट बघत तुम्ही बसाल, म्हणून मी माझा अभ्यास केला. तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं आणि सुईने पदर सुटे केले. अहो, हे तर कापड आहे! मला कुणी सांगितलं का नाही? एका पदरात धागे उभे, एकात आडवे, आणि मधले दोन पदर चक्क उरेब, म्हणजे तिरके! ज्याने ही दांडी बेतली त्याला कापड कळत होतं. उभा धागा ताण घेतो, उरेब पीळ घेतो. मी स्कर्टाच्या घेराला हेच करतो. कुठल्याही वर्गात न जाता शिकलोय, म्हणून तुमच्या शाबासकीची गरज नाही, पण दिलीत तर घेईन.

आता तक्रार. तुमचं 'पुसू नका' मी घरात वाचून दाखवलं तेव्हा उशीर झाला होता. तुकडे दिवाणखान्यात आले त्या दिवशीच हिने ओल्या फडक्याने लख्ख पुसून ठेवले होते. म्हणाली, "सवय आहे." भांड्यांची सवय असेल, सायकलची कुठून आली कोण जाणे. तुमचा साक्षीदार फुटला म्हणायचा. पण सांध्यांच्या आत फडकं गेलेलं नाही.

आणखी एक. पुढच्या सांध्याजवळ रंगावर बारीक फोड आहेत, नखाने दाबले की चुरतात. मी समजत होतो रंग जुना झालाय. शिवाय भिंगरी सांगते, पडण्याआधी काही आठवडे हँडल ओढलं की 'टक्' असा आवाज यायचा. तिला वाटलं पॅडल बोलतंय. तिने पॅडलला तेल दिलं.

पार्सल जाड कापडात दुहेरी टीप घालून शिवलंय. उसवायला माझी आठवण येईल.

साडू टेलर

---

६ एप्रिल

साडूसाहेब,

पार्सल उसवताना तुमच्या सात पिढ्या आठवल्या.

उशीर झाला कारण मला खात्री करायची होती. तुकडे टेबलावर मांडले, नाणं घेऊन इंचाइंचावर वाजवलं. कार्बन धडधाकट असेल तर टणटण बोलतो, आतले पदर सुटले असतील तर लाकडासारखा थपथप. सगळीकडे टणटण! सीटचा चिमटाही निर्दोष, तुमची माफी मागतो. (हे पत्र जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.) पोरीने सायकल आपटलेली नाही. तिला हे आजच सांगा.

मग तुमचे फोड आठवले आणि सांधा कापून उघडला.

या जुन्या सायकलींत दांड्या कार्बनच्या असल्या तरी सांधे ॲल्युमिनियमचे असतात. दांडी सांध्यात घालून चिकटवतात. आत बघतो तर पांढरी पूड. पिठासारखी, बोटाला चिकटणारी. गोंद जसाच्या तसा आहे हो! पण गोंदाने ज्या धातूला धरलं होतं, तोच वरून पीठ होऊन गेलाय.

म्हणजे सायकल दोनदा मोडली आहे. वरची दांडी कधीचीच सांध्यातून सुटलेली होती, नुसती घातलेली होती. तोच पोरीचा 'टक्'. मग सगळा भार खालच्या दांडीवर आला. तिने बिचारीने दोघींचं ओझं काही आठवडे ओढलं आणि त्या सकाळी सोडून दिलं. तिचं तुटलेलं टोक काळं आणि स्वच्छ आहे, ते नवं. वरच्या दांडीचं टोक मळकट आणि पांढरं, ते जुनं.

पण धातूचं पीठ कशाने झालं? कार्बन आणि ॲल्युमिनियम शेजारी बसले आणि मध्ये खारं पाणी शिरलं की बॅटरीचा सेल तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. पुस्तकात वाचलं होतं, माझा पुस्तकावर विश्वास नाही, म्हणून खिडकीत दोन ग्लास ठेवले. दोन्हीत कार्बनचा आणि ॲल्युमिनियमचा तुकडा दोऱ्याने एकत्र बांधून. एकात साधं पाणी, एकात मिठाचं. साध्यात काही नाही. मिठाच्या ग्लासात पांढरी लव फुटली. ती बघायला मी रोज चहाआधी खिडकीशी. तुमच्या मेहुणीने घसा बसला म्हणून तोच ग्लास गुळणीला उचलला होता. मी ओरडलो तेव्हा म्हणाली, "बायकोपेक्षा पाण्याची काळजी!"

तर प्रश्न मिठाचा. तुमच्याकडे समुद्र नाही. उरला घाम. रस्त्यावर घाम वाऱ्याने उडतो, सांध्यात मुरत नाही. घरात जागच्या जागी सायकल मारली की तो टपटप पुढच्या दांडीवर पडतो. थंडीत सरावासाठी मागचं चाक अधांतरी धरणारा स्टँड तुम्ही घेतला होता, आठवतंय. पोर त्यावर किती बसते? हे कळलं की झालं.

कारागीर साडू

---

१४ एप्रिल

साडूबुवा,

तुमचा सेल विझला.

भिंगरी त्या स्टँडवर मोजून चार-दोन वेळा बसली असेल. तिला ते आवडत नाही. "भिंतीकडे बघत पाय मारायचे, त्यापेक्षा थंडीत गारठलेलं बरं," म्हणते. सायकल स्टँडवर लावलेली असायची ती फक्त जागा कमी लागते म्हणून. सकाळी ती काढून न्यायची, आली की परत लावायची. बाकी घरात सायकल चालवणारं कोण? मी? मला पाहिलंय ना तुम्ही?

आपटली नाही हे तुम्ही लिहिलंत ते मी तिला वाचून दाखवलं. तिने मान डोलावली, डोळे पुसले. मग म्हणाली, "म्हणजे मी खरं बोलत होते हे कळलं. का मोडली ते नाही कळलं." घामाचं ऐकून तर आणखी बिथरली. "माझा एवढा घाम नाही पडला, आणि तरी पूड झाली? मग तर कशानेही होईल." तिने शर्यतीचे बूट मैत्रिणीला देऊन टाकायचं ठरवलंय. मी बूट शिलाई मशीनच्या खाली लपवून ठेवलेत.

हे ऐकत असताना ही शेजारीच उभी होती. आमटीला दोनदा मीठ घातलं.

माझं लक्ष आता थाऱ्यावर नाही. हिला बळेच डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि मलाच विचारलं, "या खेळाडू आहेत का? नाडी फार छान संथ आहे." मी म्हटलं, या दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत धावतात. डॉक्टर हसले. मी नाही हसलो. आणि आता उलटंच सुरू झालंय. मार्चपासून तिचे कपडे घट्ट व्हायला लागले, आत घेतलेली कमर परत सोडावी लागली. दुपारी घरात येरझाऱ्या घालते. चिडचिड करते. आजार आला कधी, गेला कधी, कशाचा होता, काही पत्ता नाही. माणसाचं माप असं वर-खाली होतं का? माझ्या टेपवरचा विश्वास उडेल अशाने.

साडू टेलर

---

२० एप्रिल

साडूसाहेब,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग धाकटीच्या हातात दिलं. ती 'नाडी छान संथ आहे' इथपर्यंत आली आणि पदराने तोंड दाबून आत निघून गेली. "तुला काय माहिती आहे?" म्हटलं, तर आतून आवाज, "मला शपथ घातलेली आहे!"

तेव्हा मी काही सांगत नाही. फक्त तुकड्यावर जे दिसलं ते लिहितो.

तुमच्यावर संशय होता म्हणून सीटचा दांडा मागवला होता. त्या दांड्यावर चिमट्याच्या दोन खुणा आहेत. एक भिंगरीच्या उंचीची. दुसरी तिच्यापासून सव्वादोन इंचांवर. ही दुसरी खूण एका-दोन वेळेची नाही, घासून घासून गुळगुळीत झाली आहे. कुणीतरी सीट खाली घेतं, आणि उठताना परत पहिल्या खुणेवर आणून ठेवतं. इतकं नेमकं, की रोज बसणाऱ्या पोरीला केसाएवढा फरक कळला नाही. असा नेमकेपणा शिलाईकाम करणाऱ्याच्या घरातच सापडायचा.

तुमच्याकडे घरातल्या सगळ्यांची पायाच्या आतल्या बाजूची मापं असतील. पुढचं गणित तुमचं.

सोबत दुसरं पार्सल येतंय. माझ्या हातची जुनी लोखंडी सायकल, सीट त्या दुसऱ्या खुणेच्या उंचीला लावलेली. करकरते, पण मोडायच्या आधी सांगते. कुणासाठी ते तुम्ही ठरवा.

कारागीर साडू

---

९ मे

साडूबुवा,

दोघी बाहेर गेल्या आहेत. त्या येईपर्यंत लिहून काढतो.

तुमचं पत्र शिलाईच्या खोलीतच उघडलं. मापं बघायची गरज नव्हती. घरातल्या माणसांची मापं मला पाठ आहेत, त्याशिवाय का शिंपी म्हणवतो? मायलेकींच्या पायात सव्वादोन इंचांचाच फरक. तरी खातरी म्हणून टेप लावून आलो, भिंगरीच्या पँटला आणि हिच्या सलवारीला. मग कात्री खाली ठेवली. स्टँड घेतल्यापासून दोन हिवाळे मी दुपारी बाहेर पडायचो, आणि मागच्या खोलीत ही! जिची कमर मी आजार समजून आत घेत होतो, आणि रात्री उशाशी पाणी ठेवत होतो.

मी तिला विचारलं नाही. काय विचारणार? पण भिंगरीला कारण द्यायचं तर हे झाकून कसं देणार? शेवटी जेवताना तुमचं सहा एप्रिलचं पत्र पुन्हा मोठ्याने वाचलं. पूड, दोन ग्लास, सगळं. सीटच्या खुणेचा कागद खिशातच ठेवला. वाचून झालं आणि भिंगरी वैतागून म्हणाली, "पण बाबा, घाम कुणाचा?"

ही ताटाकडे बघत म्हणाली, "माझा."

भिंगरीचा घास हातातच राहिला. "तुझा? आई, तू सायकल चालवतेस?"

"चालवत नाही. बसते. चालते कुठे ती?"

"किती वेळ बसायचीस?"

"बाबा येईपर्यंत. यांच्या चपलेचा आवाज आला की उतरायची आणि पुसून ठेवायची. वरून पुसलं की झालं असं वाटलं मला. आत जातंय हे कुणाला माहीत, बाई?" आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "तुझं हाड माझ्यामुळे मोडलं गं. मला काकाच्या पत्रातच कळलं होतं. बोलायला तोंडच उघडेना."

मला वाटलं, आता पोर रडेल किंवा चिडेल. तिने काय विचारावं? "वरची दांडी कधी सुटली असेल? तू बसायचीस तेव्हा टक् वाजायचं का?"

"वाजायचं. मला वाटलं माझा गुडघा."

साडूबुवा, त्यावर दोघी अशा हसल्या की शेजारचे डोकावून गेले. भिंगरी डाव्या हाताने टेबल बडवत होती. "म्हणजे मला पॅडल वाटलं आणि हिला गुडघा! आणि ती बिचारी सांगत होती!" मग एकदम थांबली. म्हणाली, "बाबा, आता कळलं. हे कळणारं कारण आहे." उठली आणि सरळ मशीनखाली वाकून बूट काढले. लपवलेले आहेत हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणे. या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना सगळं माहीत असतं.

मी फक्त एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ही म्हणाली, "लहानपणी सायकल मागितली होती, तेव्हा सगळे हसले होते. म्हटलं, आधी जमू दे."

तुमची सायकल परवा आली. तरी भिंगरी बसेना. कारण कळलं, पण अंग आखडतं, म्हणाली. हात बरा आहे, डॉक्टरांनी परवानगी दिलीय, पण सीटपाशी गेली की पाय मागे येतो. मी म्हटलं, राहू दे, आधी आईला शिकव.

आज सकाळी गल्लीत हिला बसवलं. भिंगरी मागून सीट धरून पळतेय, मी दारात. तुम्ही आणि मी, दोघंही शहाणे, एक गोष्ट विसरलो. दोन हिवाळे पाय मारून हिच्या मांड्यांत ताकद आलीय खेळाडूची. पण स्टँडवर तोल सांभाळावा लागत नाही, आणि ब्रेक तर मुळीच लावावा लागत नाही. तोल कसाबसा आला, आणि ही सुटली! भिंगरीच्या हातातून सीट निसटली. "आई, ब्रेक!" ती ओरडतेय. ही पुढून ओरडतेय, "कुठला?"

वळणाच्या पलीकडे उतार आहे. भिंगरी दोन क्षण थांबली असेल. शेजाऱ्याची सायकल भिंतीला टेकवलेली होती, ती उचलली, टांग टाकली आणि गेली. कशाला घाबरत होती ते आठवायला वेळच मिळाला नाही तिला. वळणावर तिची पाठ दिसली. झुकलेली, पूर्वीसारखी.

मी धावत कोपऱ्यापर्यंत गेलो. खाली सपाटीवर दोघी शेजारी शेजारी चालल्या होत्या. पोरीने एक हात आईच्या हँडलवर ठेवला होता. मी हाक मारली. कुणीही वळून बघितलं नाही.

त्याला आता दीड तास झाला. शेजारी सायकल मागायला दोनदा येऊन गेला. मी त्याला चहा दिला आणि त्याच्या पँटची उसवलेली शिवण फुकट घालून दिली.

तोवर एक काम केलंय. दुहेरी सुती कापडाची उरेब पट्टी बेतली, हँडलपासून सीटपर्यंत ताणून बसेल अशी, खाली अस्तर मेणकापडाचं. थंडीत ही पुन्हा स्टँडवर बसणारच, तेव्हा घाम पट्टीत राहील, सांध्यात जाणार नाही. माप बरोबर आहे का ते तुम्ही सांगाल, पण बरोबरच आहे.

हिच्या कपड्यांची कमर मी सध्या सोडलेली तशीच कच्च्या टाक्यांवर ठेवली आहे. पक्की टीप घालायची घाई नाही.

साडू टेलर